न वाजणारा पॉवर सप्लाय

फिटरकाकांची चौतीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशेजारी गेली. निवृत्त होईपर्यंत डावा कान पार गेला होता आणि उजवा जेमतेम कामापुरता उरला होता. त्यांची बायको शाळेत शिकवायची. शाळा सुटली तरी सगळी गल्ली त्यांना अजून बाईच म्हणते. घरी बसल्यावर बाईंनी एक काम अंगावर घेतलं. अंधांच्या एका वाचनालयाला पुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून द्यायची. पण घरचा जुना कॉम्प्युटर असा घरघरायचा की वाचनालयातून निरोप आला, "बाई, वाचन छान आहे, पण मागे कोणीतरी घोरतंय."

"माझ्यावर नाव येण्याआधी नवीन जोडतो," काका म्हणाले.

महिनाभर त्यांनी दुसरं काही केलं नाही. जाड पत्र्याचं कॅबिनेट आणलं, मोठे, सावकाश फिरणारे पंखे आणले, प्रत्येक स्क्रूखाली रबरी वॉशर घातला. पॉवर सप्लाय, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, निवडताना बाजारातल्या एका दुकानात त्यांनी चार डबे चालू करायला लावले आणि एकेकावर तळहात ठेवून पाहिलं. ज्याची थरथर हाताला सर्वांत कमी लागली, तो उचलला. कॉम्प्युटर पहिल्यांदा चालू झाला तेव्हा त्यांनी बाईंकडे बघितलं.

"कसा आहे?"

"अगदी गप्प," बाई म्हणाल्या.

त्यानंतर तीन आठवड्यांनी काका एकदा फिरायला गेले आणि अर्ध्या वाटेतून चष्म्यासाठी परत आले. बघतात तर बाई कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून उभ्या. एका हातात पुस्तक, कोटांच्या मधोमध टांगलेला माइक, आणि त्याची वायर दोन खोल्या ओलांडून कॉम्प्युटरपर्यंत गेलेली. डोक्यावरून गोधडी. पुस्तकातला नायक तेव्हा नायिकेची मनधरणी करत होता, जवळ गेल्यावर तेवढं काकांच्या उजव्या कानावर पडलं.

काकांनी खांद्याला हात लावल्यावर बाई दचकल्या.

"कोणाला वाचून दाखवतेयस? माझ्या कोटाला?"

बाईंना हसू आलं, मग ते मावळलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या, काकांना शेजारी बसवलं आणि त्यांच्या उजव्या कानाजवळ येऊन सावकाश म्हणाल्या, "त्या डब्यातून शिट्टी येते हो. अगदी बारीक. डासासारखी."

"पंखा नीट आहे. मी स्वतः हात लावून बघितला."

"पंख्याची नाही. आतून कुठूनतरी येते. हाताला नाही लागायची."

काका बराच वेळ गोधडीची घडी घालत राहिले. ती घडी काही जमेना.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मग गप्प आहे म्हणालीस ते?"

"तुम्ही महिनाभर खपला होतात. माझ्याच्यानं नाही सांगवलं."

"हे बघ," काका म्हणाले, "मला ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे. पण काय ऐकू येत नाही, ते मला कसं कळणार? ते तूच सांगायला हवं."

बाईंचे डोळे भरले होते. काकांनी ते पाहिलं आणि घडी उलगडून पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली. या वेळी दुसरी दोन टोकं बाईंनी धरली.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून गेले. या वेळी कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान चालवणाऱ्या एका मुलीकडे. केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली ती तरुण दुकानदारीण सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "काका, ती आतल्या कॉइलची, म्हणजे तारेच्या वेटोळ्याची शिट्टी. वीज जाताना कॉइल बारीक थरथरते, म्हणून वाजते. तुमचा कॉम्प्युटर जास्तीत जास्त सव्वाशे वॉट खाईल. साडेपाचशेचा चांगला पॉवर सप्लाय घेतलात, तर तो घामसुद्धा गाळणार नाही. काही तर असे असतात की भार कमी असेपर्यंत पंखा फिरतच नाही. पण कॉइलचं कागदावर कळत नाही. ऐकूनच घ्यायला हवं."

तिने दुकानाचं दार लावलं, छताचा पंखा बंद केला आणि टेबलावर उघडा मदरबोर्ड मांडला. पहिला डबा जोडताच बाईंनी मान हलवली. "शिट्टी."

दुसऱ्याला त्या म्हणाल्या, "हा बरा आहे."

"असाच नको," काका मध्येच बोलले. "रिकाम्या गाडीचं काय बघायचं? चढाला लावून बघा."

दुकानदारीण हसली. तिने मशीनला भरपूर काम लावलं. बाईंनी पुन्हा कान नेला आणि त्यांचा चेहरा पडला. चढावर हाही वाजत होता. एवढं मात्र काकांनी नेमकं ताडलं होतं. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा ते उगीचच दुसरीकडे, टेबलावरच्या स्क्रूंकडे बघत होते. पण मिशीत हसू होतं.

तिसरा डबा जोडला. बाई वाकून थांबल्या. "जोडलाय ना?"

"चालू आहे, काकू. पूर्ण भारावर."

बाईंनी डोळे मिटले. दुकानाबाहेर कोणीतरी सायकलचं स्टँड लावलं, तो खटका त्यांना ऐकू आला. डब्यातून काही नाही.

"हाच," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर काकांनी जुना डबा काढला, नवा बसवला. बाईंनी टॉर्च धरला आणि वायरी ओढून बांधून घेतल्या. संध्याकाळी खिडकी बंद करून त्या टेबलाशी बसल्या, कॉम्प्युटरच्या अगदी शेजारी, गोधडीबिधडी काही नाही. काका दाराशी घुटमळत होते.

"काय हवंय?"

"तो बाबा कपाटात मनधरणी करत होता," काका म्हणाले. "तिने शेवटी ऐकलं का त्याचं?"

बाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं. दुसरी खुर्ची स्वतःच्या डाव्या बाजूला ओढली, काका बसल्यावर त्यांच्या उजव्या कानाकडे वळल्या आणि तो अख्खा भाग पहिल्या ओळीपासून, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचून दाखवला.