लाल सवत आणि आबांची पेटी

मी विनोदच्या घरातली गिटार बोलतेय. दोनपैकी जुनी. आधीच सांगून ठेवते, माझं मन काही मोठं नाही. माझ्यासारख्या टाकलेल्या वस्तू आपली कहाणी सांगताना शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मला ते जमणार नाही. माझा जळफळाट होतो, आणि तो का होतो एवढंच सांगायला मी तोंड उघडलंय.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला ठाऊक नाही. अंग साधं प्लायवूडचं, रंग मधासारखा. शुद्ध आली तेव्हा मी दौंडच्या एका दुकानात बॅटी आणि कॅरमबोर्डांच्या मधोमध टांगलेली होते. लोक यायचे, तारांवरून नख फिरवायचे आणि शेवटी बॅट घेऊन जायचे. विनोद आला तो कुरकुंभच्या कंपनीतून, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर, अंगात युनिफॉर्म तसाच. आल्या आल्या माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ती द्या." त्याने बॅटींकडे पाहिलंही नाही. एवढं मला आयुष्यभर पुरलं असतं.

वरवंडला घरी पोचलो तर दारात विनोदचे वडील, म्हाळू आबा. आबांची वस्तीत गायन पार्टी. जयंतीला, विहारातल्या कार्यक्रमांना, लग्नांना ते भीमगीतं गातात आणि पेटी स्वतः वाजवतात. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं.

"एवढं मोठं पोट आन् आत कायबी न्हाई व्हय?"

"आबा, पोकळ हाय म्हणून तर वाजती."

"मग बस पेटीपाशी. बघू काय म्हणती ती."

विनोद मोबाइलवर बघून मला सुरात लावू लागला, तर आबांनी मोबाइल बाजूला ठेवायला लावला. त्यांची पेटी जुनी, जरा चढी. मोबाइलच्या सुरापेक्षा ती बोटभर वरच बोलते. आणि पेटी काही गाण्यापुरती खाली उतरवता येत नाही. "पेटी न्हाई वाकायची," आबा म्हणाले, "तुलाच तिच्यापाशी यावं लागंल." तेव्हापासून माझ्या सहाही तारा आबांच्या पेटीला लागायच्या. विनोदच्या आई ललिताबाई भाकरी थापता थापता सांगायच्या, "दुसरी तार खाली हाय रं." त्यांचा कान आबांपेक्षा तिखट.

विनोदचं लग्न झालं, माया घरात आली. मला वाटलं, आता संपलं. पण माया चांगली निघाली. पुसायची मला, तेही कोरड्या फडक्याने. तिच्यावर मी कधी जळले नाही.

सुट्टीच्या दिवशी विनोद मला पाठीला अडकवून कुरकुंभला रविराजच्या खोलीवर न्यायचा. रविराज कवठे येमाईचा, विनोदच्याच प्लांटमधला. तिथे त्यांची मैफल भरायची. दोघांच्या दोन गिटारी, सोबत चहा, आणि वाजवण्यापेक्षा बोलणंच जास्त. तार दहा नंबरची लावली की अकरा, तारा छेडायची पिक जाड की पातळ, अमुक पेडल वापरलं की आवाज कसा गोल येतो. माणसांना आपल्या वस्तूविषयी बोलताना पाहावं. स्वतःच्या लेकराविषयीही इतक्या बारकाईने बोलत नाहीत.

एकदा निघालं, कोण कुणाकडून शिकलं. रविराज म्हणाला, "आपला उजवा हात म्हंजी आमच्या म्हस्कू आप्पांचा ढोल. गजी नाचाला आप्पा ढोल वाजवायचे, ती चाल हातात बसली ती बसलीच."

विनोद म्हणाला, "माझं समदं आबांच्या पेटीतनं आन् हिच्यातनं." हिच्यातनं म्हणताना त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते.

पण त्याच खोलीने माझा घात केला. रविराजने इलेक्ट्रिक गिटार आणली आणि विनोद तिच्याकडे बघतच राहिला. गेल्या दसऱ्याला तो घरी आला तो पाठीला दुसरीच पिशवी अडकवून. उघडली, तर आत ती. लालभडक, चपटी, पोट म्हणून नाही. सोबत अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करायचा डबा, वायरींचं भेंडोळं आणि पायाने दाबायचं एक पेडल. सूर बरोबर लागला की त्यात हिरवा दिवा लागतो.

मायाने तिच्यावर हळदकुंकू वाहिलं नाही, पण फोटो मात्र काढले. फोटो ग्रुपवर गेला, त्याखाली अंगठे आणि आगीच्या खुणा. मी खुंटीवर. माझा असा फोटो कधी कुणी काढला नव्हता.

म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. नऊ झाले, नव्वद झाले. बाई काही जुनी होईना. मी तिच्यात खोड्या शोधू लागले. वीज गेली की ही मुकी. वायर काढली की हिचा आवाज डासाएवढा. अंगात स्वतःचं काही नाही, सगळं भिंतीतल्या प्लगमधून उसनं आणलेलं. आता खरं सांगते. वीज असली की ती फार सुंदर वाजायची. तिचा एक सूर विनोद ओढायचा तो अंगणाच्या पलीकडे जाईपर्यंत टिकायचा. माझे सूर तेवढ्यात विझलेले असायचे. म्हणूनच तर पोटात दुखायचं.

माझी खुंटी पत्र्याच्या लगेच खाली होती. मार्च लागला आणि पत्रा तापू लागला. गिटार महिनोन्‌महिने टांगायची तर तारा सैल कराव्यात, हे विनोदनेच एकदा रविराजला सांगितलं होतं. माझ्या बाबतीत तो विसरला. तारांची टोकं पोटावरच्या ज्या लाकडी पट्टीत अडकवतात, तिला हे लोक ब्रिज म्हणतात. तो मागच्या बाजूने सुटू लागला. आधी कागद जाईल एवढी फट, मग पोस्टकार्ड जाईल एवढी. कुणाला दिसली नाही. मला कळत होती.

एप्रिलमध्ये जयंती. आबांची वर्षानुवर्षांची इच्छा होती, विनोदने स्टेजवर त्यांच्या शेजारी बसून साथ करावी. दर वर्षी शिफ्ट आड यायची. या वर्षी रविराजने त्याच्याशी शिफ्ट बदलून घेतली. ती जागा माझी होती. आबांच्या पेटीला सहा वर्षं कान लावून बसले होते ती मी. पण उन्हं कलल्यावर विनोद निघाला, तर पाठीवर लाल बाई. मी खुंटीवरून पाहिलं आणि मनात म्हटलं, फजिती होऊ दे हिची.

झाली. स्टेज घरापासून हाकेवर, मला सगळं ऐकू येत होतं. विनोदने पेडलवर हिरवा दिवा बघून सूर लावला होता. सहा महिने आबांसोबत न बसता त्या दिव्यासोबतच बसल्याने तो पेटी चढी आहे हेच विसरला होता. पहिलं कडवं सुरू झालं आणि दाताखाली खडा यावा तसं झालं. आबांनी भाता थांबवला.

"विन्या, पेटी सोडून कुठं निघालास?"

"आबा, दिवा हिरवा हाय की."

"दिव्याला असू दे. तुझ्या कानाला काय दिसतंय?"

तो जागेवरच तिला पेटीला लावू लागला. पण त्या बाईचा ब्रिज स्प्रिंगांवर तरंगता. एक तार चढवली की बाकीच्या पाच उतरायच्या. समोर लोक ताटकळलेले. शेवटी माया धावत घरी आली, मला खुंटीवरून काढलं आणि छातीशी धरून पळाली. तो रस्ता मी जन्मात विसरणार नाही.

विनोदने मला मांडीवर घेतलं, मोबाइल न काढता पेटीला कान दिला आणि तारांच्या खुंट्या पिळू लागला. तारा वर, वर, पेटीच्या सुरापर्यंत. फट करकरली. मला तेव्हा थोडं जरी खरखरता आलं असतं तर त्याने ओळखलं असतं. खरखरता येत होतं. मी नाही खरखरले. ती लाल बाई स्टेजच्या कडेला पालथी पडली होती आणि मला तिच्यासमोर वाजायचं होतं.

दोन गाणी मी वाजले. आबांनी दुसऱ्या गाण्यात मान वळवून विनोदकडे पाहिलं आणि हसले. तिसऱ्या गाण्यात ब्रिज उखडला. फाटकन आवाज झाला, तारा उसळल्या आणि एक विनोदच्या उजव्या तळव्यावर बसली. रक्त माझ्या पोटावर ठिबकलं. आबांनी एकट्याने गाणं पुरं केलं. लोक विचारू लागले तसा विनोद एवढंच म्हणाला, "तिचा काय दोष न्हाई. मीच तिला तापत ठेवली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो स्वतःला बोल लावत होता, आणि मला आधीपासून माहीत होतं.

गावातल्या सतीश सुताराने ब्रिज चिकटवून दिला. म्हणाला, "वाजंल. पण हिला आता वर चढवू नका. दोन सूर खालीच बरी." म्हणजे आबांच्या पेटीशेजारी मी परत कधी बसणार नाही. त्याच सतीशने लाल बाईच्या स्प्रिंगांमागे लाकडाची पाचर ठोकली, तिचं तरंगणं बंद झालं. आता रोज संध्याकाळी ती पेटीला लागते. आबा तिला म्हणतात, "गुणाची हाय." मी आतल्या खोलीत कपाटाशेजारी उभी असते, पत्र्यापासून लांब, आणि ऐकते.

तुमच्या घरी जुनी गिटार असेल तर नाही वाजवली तरी चालेल, पण तारा सैल करून ठेवा. आणि तिला राग आला तरी येऊ द्या. तिला तेवढंच करता येतं.

लाल बाई, तुला एकच सांगते. तू आलीस तेव्हा विनोदच्या डाव्या हाताची बोटं तयार होती. ती मऊ होती तेव्हा पहिली तार दाबली की तो "आई गं" म्हणायचा, बोटं पाण्यात बुडवायचा आणि पुन्हा माझ्याकडे यायचा. त्या बोटांवरचे घट्टे माझे आहेत, उजव्या तळव्यावरचा व्रणही माझाच. वाजव तू रोज. पण तुला हात लागेल तो माझाच लागेल.