पाण्याविना साक्ष

तलावाच्या पाळीवर पंच बसले तेव्हा मनसारामला वाटलं, आज आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं. साल एकोणीसशे चौपन्न. चांदा जिल्ह्यातल्या त्या मासेमार ढिवरांच्या गावचा नेम होता, सगळ्यांनी मिळून मासे धरायच्या दिवसाआधी ज्यानं तलावात जाळं टाकलं, तो माशांच्या वाट्यातून कायमचा बाद. आणि आठ दिवसांपूर्वी ओलं जाळं सापडलं होतं विधवा सुकरीच्या झोपडीमागं. वाटा गेला तर तिनं खायचं काय, माती?

जाळं कोणी टाकलं ते मनसारामनं त्याच दिवशी पहाटे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या धाकट्या भावानं, इस्तारीनं. आई गेल्यावर मनसारामनंच त्याला अंगाखांद्यावर खेळवून वाढवलेलं. तोच इस्तारी आता तलावाचं पाणी ओंजळीत घेऊन शपथेवर सांगून मोकळा झाला, "जाळं सुकरीचंच."

"खोटं हाये," मनसाराम म्हणाला.

"मंग घे पाणी," पंचांचे म्होरके गुणवंतराव म्हणाले.

"शपथ नाई घेत, भाऊ. आमच्यात चालत नाई." दोन वर्षांपूर्वी मिशनात बाप्तिस्मा घेतल्यापासून त्यानं शपथ सोडली होती.

गुणवंतराव हसले. माणूस वाईट नव्हता, पण भांडण मिटलं की न्याय झाला असं समजणारा. "तुह्या देवाचं खरं तुह्या घरी, आमचं खरं आमच्या घरी. दोन्ही खरंच. काऊन वाद घालून राह्यला?"

"जाळं त एकानंच टाकलं ना, भाऊ? मंग दोन खरं कुठून आणता?"

पण पाण्याविना साक्ष कोण मानतो! फक्त स्वतःवर गुन्हा घेणाऱ्याला पाणी लागत नसे. आपल्याच पायावर धोंडा कोण उगाच पाडून घेईल? मनसारामच्या मनात आलं, म्हणून टाकावं, जाळं मीच टाकलं. सुकरी सुटेल, भाऊही सुटेल. किती गोड होतं ते खोटं! पण ज्या देवापायी पाणी नाकारलं, त्याच्याच तोंडावर खोटं बोलायचं?

"गुन्हा माहा हाये," शेवटी तो म्हणाला. "इस्तारीले जाळं टाकताना पाह्यलं, तिच्या झोपडीमागं ठेवताना पाह्यलं, अन् आठ दिवस चूप राह्यलो. बाईवर आळ येऊ देल्ला."

कबुली होती, पाणी मागता येईना. आणि कबुली खरी धरली तर जाळं इस्तारीचंच ठरत होतं. गुणवंतरावांनी इस्तारीकडं पाहिलं. त्याची मान वर होत नव्हती. एक जाळं टाकल्याबद्दल, दुसरा ते लपवल्याबद्दल, दोघे भाऊ वाट्यातून बाद झाले. सुकरीचा वाटा राहिला, आणि ती रडू लागली.

इस्तारी जवळ आला. "आजपासून मले भाऊ नाई," तो म्हणाला.

मनसाराम म्हणाला, "हे खरं नाई, इस्तारी."