चौदा झेंडे

साहेबांनी कपाटाचं कुलूप काढलं, वरच्या कप्प्यातून दुर्बीण खाली घेतली, फुंकर मारून तिच्यावरची धूळ उडवली आणि त्या मुलीच्या हातात ठेवली.

"जपून वापर हं," ते म्हणाले. "आपल्याकडे एकच आहे."

एकच आहे हे काकांना चांगलं ठाऊक होतं. अकरा वर्षं ते ती मागत होते. पहिल्यांदा मागितली तेव्हाचे साहेब "बघू" म्हणाले. त्यानंतरचे "वरून मंजुरी यावी लागते" म्हणाले. आणि हे आताचे साहेब तर "काका, तुमचे डोळे म्हणजेच दुर्बीण" असं म्हणून मोठ्याने हसले होते. ही मुलगी सकाळी दहाला आली होती, सव्वादहाला दुर्बीण तिच्या गळ्यात होती, आणि खांद्यावरची पिशवी अजून तिने उतरवलीही नव्हती.

"काका, हिला काठ दाखवा. आठ आठवडे आहे आपल्याकडे. कॉलेजात वन्यजीवांच्या अधिवासाचं व्यवस्थापन शिकते. उन्हाळी इंटर्नशिप."

"या, मॅडम," काका म्हणाले.

"मॅडम काय काका! अगं-तुगं करा मला," मुलगी म्हणाली.

"बरं, मॅडम."

काका तलावाच्या राखीव काठाचे रखवालदार. सव्वीस वर्षं झाली होती. तलावाच्या पूर्वेला वाळूचा लांबलचक पट्टा होता आणि उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की तिथे सुरय पक्षी उतरत; पांढरे, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखे. घरटं म्हणजे वाळूत छातीने दाबून केलेला खळगा, आणि त्यात वाळूच्याच रंगाची दोन-तीन अंडी. या पक्ष्यांना मोकळी वाळू लागते, जरा गवत वाढलं की ते दुसरीकडे निघून जातात. म्हणून तण उपटायचं, कुत्री हाकलायची, घरटी मोजायची आणि पिल्लं उडेपर्यंत पहारा द्यायचा, हे काकांचं काम. यालाच अधिवासाचं व्यवस्थापन म्हणतात हे त्यांना साहेबांच्या एका भाषणात कळलं होतं. त्यानंतर दोन दिवस ते जरा ताठ चालले होते.

दर उन्हाळ्यात कॉलेजची मुलं शिकायला येत आणि काकांना ती आवडत. आवडण्याचं कारण साधं होतं. ती नवे कोरे बूट घालून येत, पहिल्या दिवशी पन्नास फोटो काढत आणि तिसऱ्या दिवशी ऊन लागून आडवी होत. मग साहेब मान हलवत आणि म्हणत, "शेवटी काकाच." या 'शेवटी काकाच'वर काका पुढचं वर्षभर निभावून नेत.

ही मुलगी आडवी होईना. तिचे बूट जुने होते, डोक्याला फडकं गुंडाळलेलं असायचं, आणि पहाटे काका काठावर पोचायच्या आत ती मोडक्या धक्क्याच्या खांबाला टेकून उभी असायची. तण उपटायला बसली की मुळासकट उपटायची. प्रश्न मात्र फार विचारायची.

"काका, तुम्ही घरट्यापाशी कधीच का थांबत नाही?"

"सवय," काका म्हणाले.

सवय नव्हती ती, रीत होती. काका वाळूवर कुठलीही खूण करत नसत. धक्क्याच्या खांबापासून चाळीस पावलं, मग पाणी डाव्या खांद्याला घेऊन बारा, असं प्रत्येक घरटं त्यांच्या डोक्यात पाठ होतं. घरट्याजवळून जाताना चाल मंद करायची नाही, मान वळवायची नाही, नजर तिरपी टाकून अंडी मोजायची आणि तसंच पुढे निघून जायचं. याचं कारण सांगायला एक मिनिट लागलं असतं. काकांनी ते मिनिट दिलं नाही.

"कशी आहे नवीन पोरगी?" संध्याकाळी बायकोने विचारलं. ती भांडी पुसत होती आणि काका जेवत होते.

"आहे."

"म्हणजे चांगली आहे."

"मी कुठे म्हटलं तसं?"

"वाईट असती तर सांगता सांगता एव्हाना तुमचं जेवण थंड झालं असतं. मागच्या वर्षीच्या त्या चष्मेवाल्याची गोष्ट तुम्ही मला सहा वेळा सांगितलीत."

"दुर्बीण दिली तिला साहेबांनी."

"अच्छा! म्हणजे पोटात दुखतंय ते तिथे."

"माझ्या पोटात कशाला दुखेल? माझ्या पोरीच्या वयाची आहे ती."

"पोरीच्या वयाची आहे, मग मॅडम-मॅडम काय लावलंय? काल शेजाऱ्यांशी बोलताना ऐकलं मी." बायकोने ताट उचललं. "जळताय तुम्ही. कबूल करा आणि झोपा."

काकांनी कबूल केलं नाही. झोपही नीट लागली नाही.

तिसऱ्या आठवड्यात जे झालं ते मात्र त्यांच्या फारच जिव्हारी लागलं. काकांनी तेरा घरटी मोजली होती आणि तसं साहेबांना सांगूनही टाकलं होतं. मुलगी दुपारी कार्यालयात आली आणि दारातूनच म्हणाली, "चौदा आहेत, काका! त्या पालथ्या होडीच्या पलीकडे एक आहे. तीन अंडी."

काकांचा विश्वास बसेना. ते गेले, नजर तिरपी टाकली. तीन अंडी होती. सव्वीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एक घरटं सुटलं नव्हतं, आणि हे सुटलं होतं.

"काका, डोळे तपासून घ्या बरं," साहेब हसत म्हणाले. खोलीतले सगळेच हसले, शिपाई तर जरा जास्तच. मुलगी हसली नाही. तिने घाईघाईने म्हटलं, "दुर्बीण होती म्हणून दिसलं मला, नाहीतर कुठलं दिसायला!" तिने असं सांभाळून घ्यावं, याचा काकांना हसण्यापेक्षाही जास्त राग आला.

पुढच्या बुधवारी ती नारिंगी झेंड्यांचा गठ्ठा घेऊन आली. तारेच्या काडीला वीतभर कापड. शनिवारी कॉलेजची चाळीस मुलं तण उपटायला येणार होती. चाळीस मुलांचे ऐंशी पाय, आणि घरटी तर डोळ्यांना दिसत नाहीत. प्रत्येक घरट्याजवळ एकेक झेंडा लावला की पाय पडायची भीती राहणार नाही, असा तिचा विचार होता.

विचार शहाण्यासारखाच होता. काकांनाही तो सुचला होता, सव्वीस वर्षांपूर्वी, त्यांच्या पहिल्याच उन्हाळ्यात.

तेव्हा त्यांनी जुन्या लुगड्याच्या लाल चिंध्या काड्यांना बांधल्या होत्या आणि एकोणीस घरट्यांशी त्या मोठ्या हौसेने रोवल्या होत्या. काठावरच्या वाळक्या झाडावर कावळे बसून सगळं बघत होते. कावळ्याने एका चिंधीखाली अंडी पाहिली, आणि मग त्याला दुसरं काही शोधायची गरजच उरली नाही. चार दिवसांत एकोणीसही खळगे रिकामे झाले. तेव्हाचे म्हातारे रखवालदार ओरडले नाहीत. त्यांनी काड्या गोळा केल्या आणि म्हणाले, "लिही, पाणी चढलं." काकांनी नोंदवहीत लिहिलं, 'पाणी चढले, घरटी बुडाली.' ही गोष्ट त्यांनी आजवर बायकोलाही सांगितली नव्हती.

"काका, तुम्हाला काय वाटतं?" मुलगी विचारत होती. ती झेंडे हातात घेऊन थांबली होती, खरोखरच थांबली होती. "लावू ना?"

काकांनी वाळक्या झाडाकडे पाहिलं. दोन कावळे होते. मग त्यांची नजर तिच्या गळ्यातल्या दुर्बिणीवर गेली.

"तुम्ही शिकलेली माणसं," ते म्हणाले. "तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. लावा."

तिने झेंडे लावले. चौदा.

गुरुवारी सकाळी तिसऱ्या झेंड्याजवळ एक कावळा चालताना दिसला. काकांनी त्याला हाकललं, पण खळगा रिकामा झाला होता. मुलगी तेव्हा तलावाच्या दुसऱ्या टोकाला होती. काकांना वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोला, आतून थोडं बरंही वाटलं. एखाद-दुसरं जाईल, साहेबांना कळेल, मग आपण पुढे होऊन झेंडे काढू, आणि साहेब मान हलवून म्हणतील ते नेहमीचं वाक्य. उद्या सकाळी बोलू, असं त्यांनी ठरवलं. त्या दिवशी साहेबांनी त्यांना उत्तरेच्या कुंपणाची तार ओढायला पाठवलं. एरवी पहारा सोडून जायला ते कुरकुर करत. त्या दिवशी पक्कड उचलली आणि मुकाट्याने गेले.

शुक्रवारी ते नेहमीपेक्षा लवकर निघाले. वाटेत पावलं आपोआप भराभर पडू लागली आणि शेवटी तर ते चक्क पळाले. मुलगी वाळूत गुडघ्यांवर बसली होती. सगळे झेंडे उपटलेले, तिच्या मुठीत. वाळक्या झाडावर नऊ कावळे होते.

"तीन राहिली," ती म्हणाली. आवाज बसला होता तिचा. "काल संध्याकाळी मी पलीकडच्या काठावरून बघितलं. एका झेंड्याकडून दुसऱ्याकडे जात होते, काका. ओळीने. मी धावत आले. पण वळसा केवढा आहे तुम्हाला माहितीये. येईपर्यंत... तेव्हापासून इथेच बसलेय."

काका तिच्याजवळ वाळूत बसले.

"साहेब मला म्हणाले होते, काकांना विचार. ते हो म्हणाले तरच लाव. नाही म्हणाले तर का म्हणून विचारूसुद्धा नकोस, लावू नकोस." तिने नाक पुसलं. "म्हणून तर विचारलं होतं मी."

तिने आरोप केला नव्हता. जे झालं तेवढंच सांगितलं होतं. काकांना मात्र कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ज्या 'शेवटी काकाच'साठी त्यांनी अकरा घरट्यांवर पाणी सोडलं, ते साहेबांनी बुधवारीच, त्यांच्या पाठीमागे, न मागता म्हणून ठेवलं होतं.

कार्यालयात साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मुलगी समोर उभी होती, झेंडे अजून हातात. शेवटी साहेबांनी नोंदवही काकांकडे सरकवली.

"पाणी चढलं, असं लिहून टाका काका. शिकाऊ पोर आहे, तिच्या अहवालावर डाग कशाला?"

"पण पाणी चढलं नव्हतं," मुलगी म्हणाली. "झेंडे मी लावले."

"तू थांब गं."

काकांनी पेन घेतलं. त्यांचं अक्षर मोठं आणि सावकाश होतं. साहेबांना उलट बाजूनेही वाचता येत होतं. 'सुरयांची अकरा घरटी गेली. झेंड्यांमुळे कावळ्यांना खूण मिळाली. मला विचारले होते. मला माहीत होते. मी सांगितले नाही.' खाली सही केली. मग ते उठले, मांडणीच्या तळाशी असलेली सगळ्यात जुनी वही काढली, पान शोधलं आणि 'पाणी चढले' यावर एक रेघ मारून शेजारी लिहिलं, 'काड्या मी लावल्या होत्या.'

साहेबांनी दोन्ही पानं वाचली.

"सांगितलं का नाहीत, काका?"

"जळत होतो, साहेब," काका म्हणाले. "हिच्यावर."

शिपाई चहा घेऊन दारात आला होता, तो तसाच मागे फिरला. मुलीने टेबलाजवळ येऊन वही आपल्याकडे वळवली आणि वाचली. मग तिने झेंडे कोपऱ्यात ठेवले, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि बाहेर पडली. शनिवारचं काम साहेबांनी रद्द केलं. घरी काकांनी बायकोला सगळं सांगितलं, दोन्ही उन्हाळ्यांचं. बायकोने चेष्टा केली नाही. चेष्टा केली असती तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

चार दिवस मुलगी एकटीच पहारा देत राहिली. काका आले की ती दुसऱ्या बाजूला जायची. वाळक्या झाडावरचे कावळे कमी होत होत पुन्हा दोनावर आले.

पाचव्या दिवशी पहाटे ती धक्क्याच्या खांबाला टेकून उभी होती. काका जवळ आले तरी ती हलली नाही.

"तुम्ही इथून पावलं मोजत निघता ना? किती?" तिने पाण्याकडे बघत विचारलं.

"चाळीस. मग पाणी डाव्या खांद्याला घेऊन बारा." काकांनी घसा खाकरला. "थांबायचं नाही. मान वळवायची नाही. वर कावळा बसलाय असं धरून चालायचं. तू पुढे हो, मी मागून येतो."

ती पुढे झाली. दुर्बीण तिच्या गळ्यात होती, पण तिने ती डोळ्यांना लावली नाही. चाळीस पावलं, मग बारा. पहिल्या घरट्यावर पक्षी बसलेला होता. तो उठला नाही. ती त्याच्याजवळून न थांबता गेली, काकाही गेले. दुसरं घरटं झालं. तिसऱ्यात दोन अंडी होती, आणि तिने पुढे चालता चालता पाठीमागे हात धरून दोन बोटं दाखवली.

"बरोबर," काका हळूच म्हणाले.

परतीची वाट पालथ्या होडीच्या पलीकडून होती. तिथला खळगा अजून तसाच होता, छातीने दाबलेला, वाटीएवढा, त्यात कवचाचा एक तुकडा. मुलगी शिकवल्याप्रमाणे मान न वळवता पुढे निघून गेली. काका मात्र थांबले, त्यांनी वाकून नीट पाहिलं. तिथे थांबायला आता काही हरकत नव्हती.