अकरा सेकंदांचं पत्र

ते पत्र पडद्यावर फक्त पाच सेकंद दिसणार होतं. दिग्दर्शकांनी तसं सांगितलं होतं आणि पाच सेकंदांत कुणाचं काय वाचून होतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

सिनेमांसाठी हाताने लिहून द्यायचं काम मी करते. जुन्या काळातली पत्रं, वह्या, दुकानांच्या पाट्या. या सिनेमाची गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची. थोरली मुलगी, तिच्या पाठची भावंडं, आणि रोज फाटकाशी थांबणारा एक माणूस, ज्याला ती नाही म्हणते. तिचं नकाराचं पत्र मी सात वेळा लिहिलं आणि सातही वेळा ते परत आलं.

"अक्षर फार देखणं झालंय," दिग्दर्शक म्हणाले. "बाई रडत लिहितेय. लग्नपत्रिका नाही छापायची."

त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला माळ्यावरच्या पेटीतून जुनी दुपटी काढायला सांगितली, ठकीसाठी, म्हणजे माझ्या सात महिन्यांच्या लेकीसाठी. पेटीच्या तळाला अंथरलेल्या कागदाखाली एक पाकीट होतं. पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेलं, पण टपालात टाकायचं राहून गेलेलं. आतलं अक्षर सासूबाईंचं, शंकाच नको. उजवीकडे चढत जाणाऱ्या ओळी आणि पूर्णविराम इतका दाबलेला की कागदाला भोक. 'फाटकाशी उभा राहू नकोस. घरातले तिघे माझ्या हाताकडे बघून जेवतात.'

मी सगळं उतरवून घेतलं. मजकूर, अक्षर, भोकंसुद्धा. पाकीट होतं तिथे ठेवलं. आठवं पत्र एका झटक्यात पसंत पडलं.

आमच्या घरात सिनेमे कुणी बघत नाही, या एका गोष्टीवर माझा सगळा भरवसा होता. पण सिनेमा लागला आणि नवऱ्याने हौसेने दुपारच्या खेळाची चार तिकिटं आणली.

"मी नाही येत, ठकी रडेल," मी म्हटलं.

"रडू दे की. सिनेमाच रडका आहे, कुणाला कळणारे?"

भीती सासऱ्यांची होती. बाबा मुद्रितशोधक होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी औषधाच्या खोक्यावर चूक दिसली की पेन्सिल शोधतात. बोलतात कमी. त्यांचं आणि सासूबाईंचं भांडण मी कधी पाहिलेलं नाही, आणि मला धाकधूक वाटत होती ती त्याचीच. जे कधी तडकलंच नाही, ते कुठून तडकेल हे कसं सांगणार? आणि तडकलं तर माझ्या हाताने.

अंधारात मी पडद्याकडे कमी आणि सासूबाईंच्या हाताकडे जास्त बघत होते. मांडीवरच्या ठकीला त्या थोपटत होत्या. पत्र आलं. पाच. सहा. दिग्दर्शकांना ते फारच आवडलं असावं. मी अकरापर्यंत मोजलं. आठवर हात थांबला होता.

"उठली ही," असं पुटपुटून त्या ठकीला घेऊन बाहेर गेल्या. ठकी गाढ झोपलेली होती. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

रिक्षातून घरी येताना फक्त नवरा बोलत होता. "पत्र भारी होतं हं. मागच्या काकू मुसमुसत होत्या." मग त्याला दूध आणायचं आठवलं आणि तो कोपऱ्यावरच उतरला. सासूबाई ठकीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी चहा टाकला. बाबांनी टेबलावर एक कोरा कागद ठेवला.

"ते तू लिहिलंस?"

"हो, बाबा."

"लिहून दाखव."

मी लिहिलं. मुद्दाम सरळ लिहायला गेले, पण आठ दिवस गिरवलेला हात. ओळ आपोआप चढली.

"हे हिचं अक्षर आहे."

"सामानाच्या याद्या बघून उचललं."

"अक्षर यादीतून आलं असेल. मजकूर कुणाचा?"

लेखकाचा, एवढंच म्हणायचं होतं. मी पेनाचं टोपण लावत बसले.

"माझा." सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ठकीला माझ्याकडे दिलं आणि खुर्ची ओढली. "तिला काय दरडावताय. मला विचारा."

मी आतल्या खोलीत गेले. दार लोटलं, पण पूर्ण लावायचं धाडस झालं नाही.

"कधीचं?" बाबांचा आवाज.

"तुमच्या आधीचं. दोन वर्षं आधीचं."

"फाडलं का नाहीस?"

"नाही जमलं."

"मग तो थांबला यायचा?"

"थांबला." सासूबाई पुढे म्हणाल्या, "पत्र मात्र मी टाकलंच नव्हतं. तो आपणहून थांबला."

यावर बाबा काय म्हणतील म्हणून मी दाराच्या फटीशी कान लावला. चहा उतू गेल्याचा वास आला. कुणीतरी उठून गॅस बंद केला. कपांचा आवाज आला नाही. ठकी माझ्या खांद्यावर जागी झाली आणि मोठ्याने हसायला लागली. मी तिच्या तोंडावर हात धरला.