कैद्याला रजा नसते

“साम्राज्ये आली, साम्राज्ये बुडाली, काळाच्या लाटा झेलत हे बेट मात्र ताठ उभे आहे. स्वच्छतागृह डाव्या हाताला.”

बेटावरच्या किल्ल्यात पर्यटकांच्या कानाला लावलेल्या यंत्रातून हा भारदस्त आवाज येई. आवाज गाइडचा. साहेबांनी एका दुपारी चहा पाजून तो भरून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून गाइडची गरज उरली नाही. पण साहेब दयाळू. त्यांनी त्याला तिसऱ्या कोठडीत कैद्याची जागा दिली. गोणपाटाचे कपडे, खोटी दाढी, खऱ्या बेड्या. अट एकच, तोंड उघडायचे नाही.

कोठडीचा इतिहास तसा सोपा. पहिल्या गोऱ्यांनी तिथे प्रार्थना केल्या, दुसऱ्यांनी दारूगोळा भरला, तिसऱ्यांनी माणसे भरली. आपल्या लोकांनी तिकीट लावले.

गाइडच्या मुलीचे लग्न जमत आले होते. वडील इतिहास खात्यात आहेत, असे तिकडे सांगितले होते, आणि ते अगदीच खोटे नव्हते. पण होणाऱ्या सासूबाईंनी हट्ट धरला, रविवारी बेट पाहू आणि व्याह्यांना त्यांच्या कचेरीतच भेटू. त्याने रजा मागितली.

“अहो, कैद्याला कसली रजा?” साहेब हसत म्हणाले.

मग घरी ठरले, की बाबा मीटिंगसाठी बाहेरगावी गेलेत म्हणायचे, आणि बाबांनी दाढी घट्ट चिकटवायची.

रविवारी मंडळी कोठडीपुढे आली. सासूबाईंनी गजांतून डोकावून पाहिले.

“माणूस बरा शोधलाय. चेहराच मेला गुन्हेगाराचा.” मग कानातले यंत्र दाबत त्या म्हणाल्या, “आवाज मात्र काय खानदानी आहे! कोणाचा गं हा?”

“माझ्या बाबांचा,” मुलगी म्हणाली. दिवसभरात तिचे हे एकच वाक्य खरे होते.

“मग आणखी काय बघायचं? आमच्याकडून ठरलं समज.”

गाइडचे डोळे भरून आले. बेड्यांमुळे हात गालापर्यंत पोचेना. पाणी ओघळत दाढीच्या डिंकात उतरले आणि दाढी एका बाजूने सुटू लागली. तेवढ्यात सासूबाईंनी, या आनंदात मागे कैदी घेऊन एक फोटो होऊन जाऊ दे, म्हणून सगळ्यांना ओळीत उभे केले.

मुलीने मागे वळून पाहिले. गजांना तोंड लावून ती हळूच म्हणाली,

“काका, जरा मान खाली घाला ना.”