सातव्या उडीनंतर

सातव्या उडीपाशी ती थांबली, डावा हात लांब केला आणि तिथे नसलेल्या कुत्रीला बोगद्याच्या दिशेने वळवलं. मग दोन पावलं मागे येऊन तेच पुन्हा केलं. आजूबाजूला आणखी वीसेक माणसं अशीच हातवारे करत, रिकाम्या हवेला "इकडे, इकडे" म्हणत फिरत होती. कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत धावण्याआधी कुत्र्याविना मैदान पाहून घ्यायला आठ मिनिटं मिळतात. उड्या, बोगदे, फळ्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या आणि कुठे कुत्र्याच्या कोणत्या बाजूला आपण असायचं, हे तेवढ्या वेळात पायांत भरून घ्यायचं असतं.

दोरीपलीकडे घडीच्या खुर्चीवर बसलेला तिचा नवरा हा प्रकार पहिल्यांदाच पाहत होता.

"ही सगळी माणसं शहाणी आहेत ना?" त्याने शेजारी उभ्या असलेल्या मास्तरांना विचारलं.

"कुत्री शहाणी असतात," मास्तर म्हणाले. "माणसांचं आपलं चालवून घ्यायचं."

मास्तर पूर्वी पोलिसांची कुत्री तयार करत. आता दर रविवारी सकाळी हौशी लोकांना शिकवत. तिला आणि टाचणीला त्यांनीच शिकवलं होतं. टाचणी ही तिची कुत्री, काळी-पांढरी, सडपातळ. पिल्लू असताना दुकानातली एक टाचणी गिळून तिने दुसऱ्या दिवशी बिनबोभाट बाहेर काढली होती, तेव्हापासून हेच नाव. दुकान म्हणजे कपडे मापाचे करून देण्याचं: पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, लग्नानंतर घट्ट झालेले सदरे सैल करणं. पंधरा महिन्यांपूर्वीपर्यंत ती मशीन उजव्या पायाने चालवायची. आता डाव्या.

ती सातव्या उडीकडे पुन्हा वळली. इथे दोन मार्ग होते. कुत्री उडी मारून खाली यायच्या आत पुढे पळायचं, तिच्या समोर गर्रकन वळून बाजू बदलायची आणि तिला बोगदा दाखवायचा. किंवा कुत्रीला पुढे जाऊ द्यायचं आणि तिच्या मागून बाजू बदलायची. पहिल्यात वेळ वाचतो, दुसऱ्यात गुडघा.

"मागून," ती स्वतःशी म्हणाली. मोठ्याने म्हणाली की पाय ऐकतात, असा तिचा अनुभव होता.

दोरीखालून बाहेर येताना मास्तरांनी तिला हात दिला.

"पुढून की मागून?"

"मागून."

"बरं." मग नवऱ्याकडे एक नजर टाकून त्यांनी आवाज उतरवला. "घरी बोललीस का?"

"काय?"

"आता मलाच विचारतेस?" मास्तर म्हणाले आणि दुसऱ्या कुणाच्या तरी कुत्र्याचा पट्टा नीट करायला निघून गेले.

पंधरा महिन्यांपूर्वी असंच एक वळण होतं. ती पुढून वळायला गेली आणि टाचणी तिच्या उजव्या गुडघ्यावर येऊन आदळली. गुडघ्याच्या आतला बंध तुटल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला, जाड कापड फाडल्यासारखा. नवरा तासाभराने इस्पितळात पोचला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. बंद पडलेल्या लिफ्टचं कारण रजिस्टरमध्ये लिहिल्याशिवाय तो इमारत सोडत नसे. डॉक्टरांनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा त्यानेच उत्तर दिलं.

"कुत्री धडकली. ऐकत नाही ती कुणाचं."

ती स्ट्रेचरवर होती. तिने डोळे मिटून घेतले. तेवढंच.

पुढे शस्त्रक्रिया झाली, मग दोन महिने कुबड्या. त्या दिवसांत नवऱ्याने तिच्या पायात मोजे घातले, बादल्या उचलल्या, दुकानात बसून गिऱ्हाइकांना "पुढच्या आठवड्यात या" असं तिच्यापेक्षा गोड सांगितलं. फिजिओने दिलेले व्यायाम तिने नेमाने केले, एका दिवसाचाही खाडा नाही. सगळं जागेवर येत गेलं. एकच गोष्ट आली नाही. नवरा टाचणीला हाक मारीनासा झाला. आधी तोच तिला पहाटे फिरवायचा, तिच्याशी लिफ्टच्या गोष्टी बोलायचा. आता "तुझी कुत्री" म्हणायचा, आणि टाचणी जवळ आली की पाय आखडून घ्यायचा. पहिले काही महिने टाचणी तरीही जाऊन त्याच्यापासून हातभर अंतरावर बसायची. मग तिनेही सोडून दिलं.

ती कधी खोटं बोलली नव्हती. कुणी विचारलं की "पडले" म्हणायची. बाकीचं नवरा सांगायचा.

मागच्या रविवारी तिने पुन्हा स्पर्धेत उतरायचं म्हटलं, तेव्हा त्याने ताट बाजूला सारलं होतं.

"एकदा," तो म्हणाला होता. "मी स्वतः येऊन बघणार. नीट ऐकलं तर राहू दे. नाहीतर भाऊ घेऊन जाईल तिला. मी बोललोय त्याच्याशी."

दिराची रोपवाटिका होती, गावाबाहेर. जागा मोठी, कुंपण चांगलं, मनाने माणूस भला. टाचणीचं तिथे काही वाईट झालं नसतं. ते ऐकून ती रात्रभर जागी होती, पण सकाळी उठून तिने फक्त "बरं" म्हटलं.

तिचा नंबर पुकारला गेला.

सुरुवातीच्या रेषेवर टाचणी बसली. तिला तिथेच ठेवून ती स्वतः तिसऱ्या उडीपर्यंत पुढे चालत गेली, वळली आणि हात खाली सोडला. टाचणी सुटली. पहिली, दुसरी, तिसरी. काठ्यांच्या रांगेतून नागमोडी, एकही काठी न सोडता. झुलत्या फळीचं टोक जमिनीला टेकेपर्यंत टाचणी थांबली, अगदी शिकवल्यासारखी, आणि मगच उतरली. दोरीबाहेर कुणीतरी "वा!" म्हणालं. तिचा श्वास लागला होता, पण गुडघ्याचं भान नव्हतं. पंधरा महिन्यांत पहिल्यांदाच नव्हतं. चौथी, पाचवी, सहावी. आणि सातव्या उडीपाशी, आठ मिनिटं घोकलेलं सगळं विसरून, तिचे पाय जुन्या सवयीने पुढे पळाले.

वळताना उजव्या पायावर भार द्यायच्या क्षणी गुडघा कचरला. दुखला नाही, नुसता कचरला. तेवढ्यात टाचणी दांडीवरून खाली येत होती आणि ती बरोबर टाचणीच्या वाटेत उभी होती.

टाचणीने चारही पाय मातीत रोवले. धूळ उडाली. टाचणी तिच्या गुडघ्यापासून चार बोटांवर थांबली आणि वर तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग सगळं अंग वळवून बाजूने बोगद्याकडे निघाली, पण त्याच्या तोंडाशी जाऊन पुन्हा थांबली आणि मागे पाहिलं.

पंचांनी मूठ वर केली. कुत्रा अडला, अडथळा नाकारला, अशी खूण. पाच गुण गेले.

उरलेलं मैदान त्या दोघींनी सावकाश पूर्ण केलं.

गाडीपाशी आल्यावर तिने टाचणीला पाणी दिलं आणि बंपरला बांधलं. टाचणी पाणी पिऊन सावलीत आडवी झाली आणि पुढचा पंजा चाटू लागली. नवरा खुर्ची काखेत मारून मागोमाग आला.

"बघितलंस?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच अवघड होतं. "मला वाईट वाटतंय तुझ्यासाठी. बाकी छान पळाली, मी नाही म्हणत नाही. पण ऐनवेळी अडलीच की नाही? ऐकत नाही ती."

"तिने ऐकलं."

"अगं, पंचांनी मूठ दाखवली. मास्तरांनी समजावलंय मला त्याचा अर्थ."

"उशीर मला झाला," ती म्हणाली. "मी तिच्या वाटेत उभी होते. ती थांबली नसती तर पुन्हा गुडघ्यावर आली असती. म्हणून थांबली."

नवरा थर्मासचं झाकण पिळत होता. ते आधीच घट्ट होतं.

"आणि तेव्हासुद्धा," ती म्हणाली, "उशीर मलाच झाला होता. तेव्हा तिला थांबायला जागा नव्हती, एवढंच. तिने मी सांगितलं तेच केलं होतं."

शेजारच्या गाडीतला एक केसाळ कुत्रा उगाच भुंकून गप्प झाला.

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगून टाकलं होतंत. आणि मग तुम्ही माझं इतकं करत होता… की माझ्याच चुकीने झालं असं म्हणवेना."

"पंधरा महिने?"

"हो."

तो खुर्ची उघडायला गेला, मग उघडली नाही. नुसती हातात धरून उभा राहिला.

"भावाने खोली साफ केलीय तिच्यासाठी," तो शेवटी म्हणाला. "भांडं आणलंय. त्याच्यावर हाडाचं चित्र आहे."

"भावजी झारी ठेवतील त्यात."

तो हसला नाही. पण तोंडाचा एक कोपरा हलला, आणि मग तोही थांबला.

"दाखव मला," तो म्हणाला.

"काय?"

"कुठे उशीर होतो ते. मला असं तोंडी कळत नाही. समोर मांडून दाखव."

गाड्यांच्या मागे मोकळी जागा होती, वाळलेलं गवत आणि मुरूम. त्याने खुर्ची घडी घालून आडवी ठेवली. ती उडी. पाण्याचा कॅन दहा पावलांवर, तो बोगदा.

"कुत्री कोण होणार?" तिने विचारलं.

"मीच. नाहीतर आता भावाला बोलावू?"

पहिल्यांदा तो चप्पल सावरत, खुर्चीवरून शिस्तीत पाय टाकून आला. तिच्या वळण्यात काही चूक दिसलीच नाही.

"अशी येत नाही ती," ती म्हणाली. "जीव तोडून येते."

"जीव तोडून," तो म्हणाला. त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या, पँट घोट्यावर दुमडली, वीस पावलं मागे गेला. पंचावन्नाव्या वर्षी, पोट सांभाळत, तो धावत सुटला. ती त्याच्यापुढे पळाली. उजवा पाय टेकला, गुडघा कचरला, अर्ध्या श्वासाइतका. ती वळली तेव्हा तो खुर्चीवरून हवेत होता.

तो खाली आला आणि सगळं अंग मागे खेचून थांबायला गेला. टाचा मुरुमात घासत गेल्या, हात पुढे आले, तिच्या खांद्यांवर आदळले. दोघं झोकांडले, पण पडले नाहीत. त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला टेकला होता.

टाचणी गाडीपाशी उभी राहून जोरजोरात भुंकत होती. असला गैरप्रकार तिने आजवर पाहिला नसावा.

"लागलं का?" त्याने विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

तो खाली पाहत होता. त्याच्या टाचांनी मुरुमात दोन लांब चर पाडले होते. तो कमरेत वाकला, श्वास घेतला, पुन्हा पाहिलं.

"ती केवढ्यात थांबली?"

तिने हाताने अंतर दाखवलं. त्याच्या चरांच्या निम्म्याहून कमी. आणि तो जेवढ्या वेगाने धावला त्याच्या दुप्पट वेगात.

तो सरळ उभा राहिला. अनवाणीच गाडीकडे गेला. टाचणीचं भुंकणं बंद झालं. तो गुडघे टेकून समोर बसला तेव्हा टाचणी आधी मागे सरली, पट्टा ताणेपर्यंत. त्याने हात पुढे केला आणि तसाच ठेवला. लिफ्टमध्ये अडकून सुटकेची वाट पाहणाऱ्या माणसांना तो धीर देत असेल तेव्हा असाच दिसत असेल, तिला वाटलं. बऱ्याच वेळाने टाचणीने हुंगलं. त्याने सावकाश टाचणीचा पुढचा पंजा हातात घेतला आणि उलटा करून पाहिला. मग दुसरा.

"इकडे ये गं," त्याने हाक मारली. "हे बघितलंस?"

उजव्या पंजाचं एक नख मुळापाशी दुभंगलं होतं. केसांत रक्त सुकलं होतं, थोडंसंच. मघाशी टाचणीला तोच पंजा चाटताना तिने पाहिलं होतं. उकाड्याने चाटत असेल असं तिला वाटलं होतं.

"थांबताना गेलं," तो म्हणाला.

"हो."

"दुसरी फेरी कितीला आहे?"

"दीडला."

"जाऊन नाव मागे घे. हिला आज पळवायचं नाही." मग थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, "पुढच्या महिन्यात असेल ना एखादी?"

"असते."

"आणि गाडीतून तो औषधाचा डबा दे आधी. कापूस आहे का त्यात?"

होता. तिने डबा त्याच्या शेजारी ठेवला. तो आता मांडी घालून बसला होता, पंजा मांडीवर घेऊन, आणि कापूस ओला करता करता टाचणीला काहीतरी सांगत होता. तिला शब्द ऐकू आले नाहीत. नोंदणीचं टेबल मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होतं, गाड्यांमधून गेलं तर दोन मिनिटांचा रस्ता. ती सगळ्या मैदानाला वळसा घालून, दोरीच्या कडेकडेने, लांबून गेली.