झ्लात्काचा इंग्रजीचा तास

सप्टेंबर लागला की गल्लीत मिरच्यांचा धूर कोंदायचा. प्रत्येक अंगणात चूल, चुलीवर पत्रा आणि पत्र्यावर लालबुंद, मांसल मिरच्या. नोरीन आयर्लंडहून डॅन्यूबकाठच्या या बल्गेरियन गावात इंग्रजी शिकवायला आली, त्याला बरीच वर्षं लोटली होती, तरी या महिन्याची ती लहान मुलासारखी वाट बघायची. खालच्या मजल्यावरची घरमालकीण झ्लात्का मिरच्या भाजायची, नोरीन सोलायची. बोटं चुरचुरायची, रस कोपरापर्यंत ओघळायचा.

"बिया काढ गं नीट! बिया कोण खाणार, तुझा राजा?"

"आम्हाला राजा नाही, कितीदा सांगू? आम्ही आयरिश."

"इंग्रजीच बोलता ना? मग झालं तर!"

झ्लात्काची एकुलती एक मुलगी राली ही नोरीनच्या इथल्या पहिल्या वर्षीची विद्यार्थिनी. ती इंग्लंडला गेली, एका वृद्धाश्रमात कामाला लागली, डॅरेन नावाच्या माणसाबरोबर तिने संसार मांडला. त्यांना रोझी झाली. गावातून असे बरेच जण गेले. ज्यांना इंग्रजी छान आलं ते लवकर गेले, ज्यांना यथातथा आलं ते थोडं उशिरा. बसस्टँडवर मुलं नोरीनच्या गळ्यात पडायची, आया तिच्या हातात डबे कोंबायच्या. दर वर्षी वर्गातली बाकं रिकामी होत होती, हे तिला दिसत होतं. पण गळ्यात पडलेलं ते पोर, तो गरम डबा तिला आवडायचा.

त्या दिवशीही मिरच्याच चालल्या होत्या. फोन नोरीनचा वाजला. आईला इंग्रजी येत नाही म्हणून रालीने कामावर नोरीनचा नंबर देऊन ठेवला होता. पलीकडे इस्पितळातली डॉक्टरीण होती. एकेक शब्द सुटा करून, सावकाश बोलत होती. कामावर असतानाच रालीच्या डोक्यातली नस फुटली होती.

नोरीनने फोन उपड्या खोक्यावर ठेवून आवाज मोठा केला.

"काय म्हणते ती?" झ्लात्का म्हणाली. "राली कुठाय?"

नोरीनची बल्गेरियन बाजारात आणि स्वयंपाकघरात घडलेली. तिच्याजवळ भाज्यांचे शब्द होते, हवापाण्याचे होते, झकास शिव्या होत्या. या कामाचे शब्द नव्हते.

"झ्लात्का, राली आता... तिच्यात काही उरलं नाही म्हणतात. श्वास मशीन घेतंय."

"छाती हलते का, विचार."

नोरीनने विचारलं. "हलते."

"मग?"

"मशीन हलवतंय गं. ते बंद करावं असं त्यांचं मत आहे. डॅरेन तयार आहे. पण आईला विचारल्याशिवाय त्यांना पुढे जायचं नाही."

पत्र्यावरच्या मिरच्या काळ्या पडून करपायला लागल्या. कोणी उलटल्या नाहीत.

"तिच्या पायात मोजे आहेत का, विचार," झ्लात्का म्हणाली.

डॉक्टरीण घुटमळली. मग म्हणाली, नाहीत.

"घाला म्हणावं. पाय गार पडतात तिचे."

घालतो, असं उत्तर आलं. मग झ्लात्काने मान आडवी हलवली. बल्गेरियात हो म्हणायची रीत तीच, नोरीन तिला कधीच सरावली होती. तरी त्या क्षणी तिचं मन ओरडलं, नाही म्हणतेय, ती नाही म्हणतेय! तिने झ्लात्काच्या तोंडाकडे पाहिलं. मग फोनकडे वाकून इंग्रजीत सांगितलं, "आईची संमती आहे."

शवपेटीबरोबर डॅरेन आला, परक्या माणसासारखा दोन दिवस राहिला आणि गेला. रोझीला त्याने आणलं नव्हतं. फाटकावर रालीच्या फोटोचा, ती गेल्याचं कळवणारा काळ्या काठांचा कागद लागला.

झ्लात्काने नोरीनशी बोलणं टाकलं. भांडण नाही, तंडण नाही. फक्त ती रोज नोरीनसाठी जिन्यावर ठेवायची ती जेवणाची झाकलेली ताटली येईनाशी झाली. एकदाच, कपडे वाळत घालताना, मागे न वळता ती म्हणाली, "ज्यांना इंग्रजी जमलं नाही, त्यांच्या मुली इथेच आहेत. दुकानात बसतात. संध्याकाळी घरी येतात."

नोरीन वर निघून गेली. शाळेत ती तास घेत राहिली. कालिना नावाच्या मुलीने एक अवघड वाक्य न अडखळता म्हटलं, तेव्हा नोरीनला जुना आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

फेब्रुवारीत, बर्फ साचलेलं असताना, झ्लात्का वर आली आणि न विचारता टेबलापाशी बसली.

"दर रविवारी डॅरेन फोनवर रोझीला दाखवतो. पोर बोलते आणि मी नुसती हसते. वेडीसारखी."

"मी बसू का शेजारी? सांगेन तुला..."

"तू मधे नको. तुझ्या तोंडून मी पुष्कळ ऐकलं." मग तिने खुर्ची पुढे ओढली. "मलाच शिकव."

झ्लात्काची जीभ जड होती आणि राग लवकर यायचा. तिला अक्षरं नको होती, नमस्कार-चमत्कार नको होते. "'तुझी आई वांगी खात नसे,' हे कसं म्हणायचं?"

नोरीनने सांगितलं.

"हे 'डिड नॉट' कशाला?"

"होऊन गेलेलं आहे म्हणून."

"आणि अजून खात नसेल तर?"

"मग 'डझ नॉट'."

"पहिलंच शिकव," ती म्हणाली.

रविवारी तिने नोरीनला दारात उभं राहू दिलं, बोलायचं नाही या अटीवर. पडद्यावर रोझी आली, बाहुली हलवत. झ्लात्काने पाठ केलेलं वांग्यांचं वाक्य घाम फुटेपर्यंत जोर लावून म्हटलं. रोझीने बाहुली मांडीवर घेतली. मग सहज विचारल्यासारखं इंग्रजीत म्हणाली, "मम्मी कधी येणार?"

हे झ्लात्काला कळलं. कोणी सांगायच्या आत, सगळंच्या सगळं कळलं. तिने दाराकडे पाहिलं. नोरीन ओठ घट्ट मिटून उभी होती.

"मम्मी," झ्लात्का म्हणाली, आणि शब्द शोधत थांबली. "मम्मी नॉट कम."

रोझीने "ओके" म्हटलं आणि बाहुलीचे केस विंचरायला घेतले. थोड्या वेळाने डॅरेनने हात हलवून फोन बंद केला.

"बरोबर बोलले का मी?" झ्लात्काने विचारलं.

"बरोबर बोललीस," नोरीन म्हणाली.